प्रभाव कुणाचे, हे खुद्द लेखकाला विचारावं का?

शब्दवेडा:
इंग्रज कादंबरीकार टोल्किनची पत्रं पुन्हा वाचायला घेतली आहेत. त्याच्या स्वीडिश अनुवादकाने प्रस्तावनेत लिहिलं की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी म्हणजे एका परीने जर्मन दंतकथेतल्या निबेलुंगांचीच. त्यावर 1961 च्या पत्रात टोल्किन फटकारतो: दोन्ही अंगठ्या गोल होत्या, साम्य संपलं. टोला झकास, पण पटत नाही. वोल्सुंगा सागात, म्हणजे त्याच दंतकथेच्या जुन्या आइसलँडिक रूपात, मालकाच्या जिवावर उठणारी शापित अंगठी आहे, मोडून पुन्हा घडवलेली तलवार आहे. टोल्किनकडेही दोन्ही आहेत. शिवाय याच सागाच्या नायकावर, सिगुर्डवर, त्याने स्वतः दीर्घ कविता लिहिल्या, त्या 2009 मध्ये छापूनही आल्या. प्रभावांच्या बाबतीत लेखकाची साक्ष काढूच नये, असं माझं मत.

तळटीप:
असहमत. अनुवादकावर चिडून प्रकाशकाला लिहिलेलं पत्र आहे ते. संतापातल्या एका वाक्यावरून साक्षीदार खोटा? वॉल्डमन या प्रकाशन-संपादकाला लिहिलेलं ते लांबलचक पत्र काढा. आपला नायक तुरिन याच्यात सिगुर्ड, ग्रीक ईडिपस आणि फिनिश दंतकथेतला कुल्लेर्वो यांचे अंश आहेत असं म्हणता येईल, हे तिथे तो आपणहून सांगतो.

शब्दवेडा:
कंसातलं बरं गाळलंत! ज्यांना असल्या गोष्टींची हौस आहे ते तसं म्हणतील, त्याचा फारसा उपयोग नाही, अशा अर्थाची पुस्ती तिथेच आहे. कबुली दिली आणि त्याच दमात हात झटकले.

अडगळ:
तुम्ही दोघं साम्यंच मोजत बसलाय. मला 1955 मध्ये कवी ऑडेनला लिहिलेलं पत्र आवडतं. शाळेत शेक्सपिअरचं मॅकबेथ शिकताना बर्नमचं जंगल चालून येणार म्हणून हा पोरगा टपून बसलेला. आणि येतं काय, तर फांद्या धरलेलं सैन्य! तो विरस मनात राहिला आणि पुढे त्याच्या कथेत झाडं खरोखरच युद्धावर निघाली. नुसतं पुस्तक वाचून हे कुणाला कळलं असतं? चालणारं जंगल दिसतं, त्यामागची चिडचिड दिसत नाही.

शब्दवेडा:
मॅकबेथपुरतं माझं तोंड बंद. पण पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचं काय? 1916 मध्ये माणूस स्वतः त्या आघाडीवर होता. 1960 मध्ये लिहितो की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मृतांच्या दलदलीवर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं थोडं ऋण आहे, एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम मॉरिसच्या कादंबऱ्यांचं त्याहून जास्त. पाण्याखालून दिसणारे ते मेलेल्यांचे चेहरे कादंबऱ्यांतून आले?

तळटीप:
का नाही येणार? 1914 मध्ये बक्षिसाच्या पैशांतून त्याने मॉरिसची पुस्तकं घेतली होती. म्हणजे खंदकात उतरला तेव्हा मॉरिस डोक्यात होताच. युद्ध पाहिलेल्या माणसाच्या प्रत्येक दलदलीत युद्धच सापडलं पाहिजे, हा हट्ट आपला, त्याचा नाही.

शब्दवेडा:
हट्ट तर हट्ट. मॉरिसमधलं तसे चेहरे असलेलं एक पान दाखवा, माझं म्हणणं मागे घेतो.

तळटीप:
त्याने पत्रात नाव घेतलेल्या दोन्ही कादंबऱ्या काढून बसतोय. जाड आहेत, धीर धरा.