कोर्टाने नुकसानभरपाई लावली, आरोपी म्हणतो आत बसेन पण देणार नाही. वसूल कशी करायची?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. बांधाच्या भांडणात आमच्या काकांचा हात मोडला. गुन्हा 2021 चा, भा.दं.वि. कलम 325. खानापूर कोर्टाने आरोपीला एक वर्ष साधी कैद दिली. दंड नाही, पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (जुन्या) कलम 357(3) खाली काकांना 1,50,000 रुपये नुकसानभरपाई द्यावी, न दिल्यास आणखी सहा महिने कैद, असा आदेश आहे. निकाल लागून दोन महिने होत आले. शिक्षा 30 दिवस स्थगित झाली होती. पुढे अपील केलंय की नाही, आम्हाला कुणी काही कळवलेलं नाही. आरोपी गावात उघड सांगतोय, "सहा महिने आत बसेन, पण एक रुपया देणार नाही." त्याचं घर आमच्याच गावात आहे, जमीन मात्र बरीचशी सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात. आत बसला की पैसे बुडाले असं समजायचं का? अर्ज कुठं करायचा?

हलगा_नाका

सहा महिने भोगले की विषय संपतो. दंडाचं तसंच असतं. वसुलीच्या नादाला लागू नका, पैसे हवे असतील तर दिवाणी दावा लावा.

टिळकवाडी_वकील

हलगा_नाका यांचं म्हणणं बरोबर नाही, आणि हाच गैरसमज लोकांचे पैसे घालवतो. दंड न भरल्याची कैद पूर्ण भोगली की पुन्हा वसुलीचं वॉरंट काढायला कोर्टाला खास कारणं लिहावी लागतात. हे फक्त दंडापुरतं. वसुलीच्या वॉरंटचं कलम 421, त्याच्या परंतुकातच (कलमाला जोडलेल्या अटीत) नुकसानभरपाईचा अपवाद आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली कुमारन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात स्पष्ट केलं की न भरल्याची कैद भोगली तरी भरपाईची रक्कम वसूल करता येते, आणि त्यासाठी खास कारणं नोंदवायची गरज नाही. न भरल्याची कैद हे दडपण आहे, त्यातून रक्कम फिटत नाही. तेव्हा तो आत बसला तरी काकांचे दीड लाख शिल्लकच राहतात.

आता आधी अपीलाचं बघा. खानापूरच्या निकालावर अपील बेळगावच्या सत्र न्यायालयात, मुदत 30 दिवस. उशीर माफीचा अर्ज घालून नंतरही अपील येऊ शकतं. अपीलात समोर सरकार असतं, जखमी नाही, म्हणून तुम्हाला कळवलं नसेल. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बेळगाव जिल्हा निवडा आणि आरोपीच्या नावाने शोधा, किंवा खटल्याचा सीएनआर नंबर (ई-कोर्ट्समधला त्या खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) घेऊन सरकारी वकिलांकडे चौकशी करा. अपील दाखल असेल तर निकाल लागेपर्यंत रक्कम हातात येत नाही. पण शिक्षा स्थगित करताना 'भरपाईतला अमुक हिस्सा कोर्टात भरा' अशी अट सत्र न्यायालय घालू शकतं. काकांच्या वकिलाने सरकारी वकिलांच्या मदतीला उभं राहून नेमकी तीच मागणी करायला हवी. ती कुणीच केली नाही तर शिक्षा बिनअटीची स्थगित होते आणि काही वर्षं तशीच जातात.

अपील नसेल तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच, म्हणजे खानापूरला, कलम 431 आणि 421 खाली वसुलीचा अर्ज करा. खटला 1 जुलै 2024 पूर्वीचा, म्हणून जुनी कलमं लिहिली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत भरपाईचं कलम 395, वसुलीची कलमं 461 आणि 471. कोर्ट आपणहून वॉरंट काढेल म्हणून थांबू नका. अर्ज नसेल तर फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते. शिक्षेच्या तारखेपासून सहा वर्षांत वसुली व्हायला हवी, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण इतरांनाही उपयोगी पडेल. तुमच्या कोर्टाने दंड लावला नाही, हे काकांच्या फायद्याचं झालं. 357(3) चे शब्दच असे आहेत की शिक्षेत दंड नसेल तेव्हाच वेगळी भरपाई. दंड लावला की भरपाई दंडाच्या रकमेतूनच द्यावी लागते, आणि जुन्या कायद्यात प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांच्या दंडाला मर्यादा 10,000 ची. नव्यात 50,000 आहे. म्हणजे दंड लावला असता तर काकांना दहा हजारांवर काही मिळालं नसतं. एकाच कलमाखाली दंडही आणि वर वेगळी भरपाईही, असे आदेश होतात आणि अपीलात नेमका भरपाईचाच भाग उडतो. शिक्षेवर युक्तिवाद होईल तेव्हा हॉस्पिटलची बिलं, बुडालेली मजुरी, आरोपीच्या उत्पन्नाचे पुरावे लेखी द्या आणि सोबत 'दंड न लावता भरपाई द्यावी' हे वाक्य स्वच्छ लिहा. आरोपीची ऐपत कोर्टाला बघावीच लागते. ऐपतीचा कागद नसेल तर रक्कम लहान होते.

गडहिंग्लज_महसूल

जमिनीचं मी सांगतो. 421 मध्ये दोन वाटा आहेत. पहिली, (अ): जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री. म्हणजे गाडी, ट्रॅक्टर वगैरे. हे वॉरंट त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर चालवायचं तर तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा शेरा लागतो. दुसरी, (ब): जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट, जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करा असं. जमिनीवर हात टाकायचा तर (ब) च मागा. अर्जात नुसतं 'मालमत्ता जप्त करावी' लिहिलं की पोलीस मोटारसायकल बघून परत येतात आणि 'जप्त करण्यासारखं काही नाही' असा अहवाल जातो.

जमीन चंदगडला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात आणि दुसऱ्या राज्यात. घाबरायचं कारण नाही, 1890 चा महसूल वसुली कायदा यासाठीच आहे. बेळगावचे जिल्हाधिकारी, तुमच्याकडचे डीसी, थकबाकीचा दाखला कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाठवतात, तिथून चंदगडच्या तहसीलदारांकडे येतो. कागद अडकतो तो इथं. निकाल कन्नडमध्ये असेल तर त्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. दुसरं म्हणजे नाव. निकालात 'परशराम' आणि सातबाऱ्यावर 'परशुराम', एकीकडे आडनाव, दुसरीकडे वडिलांचं नाव, असं असेल तर तलाठी लिहून मोकळा होतो की या नावाचा खातेदार गावात नाही. अर्जातच 'उर्फ' लावून दोन्ही नावं लिहा, गट नंबर, खाते नंबर द्या, चालू सातबारा आणि 8-अ (खात्याचा उतारा) जोडा. गावातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा उतारा, तुमच्या बाजूला शेती असेल तर आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा.

सामाईक खातं असेल तर फक्त त्याच्या हिश्श्यावर वसुली चालते. भावांची नावं पुढे करून हरकत येणारच, म्हणून हिस्सा किती ते आधीच दाखवा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का तेही बघा, कर्नाटकातल्या जमिनीवर पीकेपीएसचा (तिकडची प्राथमिक कृषी पतसंस्था) असू शकतो. बोजा मोठा असेल तर लिलावातून काकांच्या हाती फार उरत नाही, मग ट्रॅक्टर किंवा बँक खातं जास्त कामाचं. शेवटचं, निकालानंतर बायकोच्या नावे बक्षीसपत्र किंवा घाईची वाटणी झालीय का, ते फेरफार बघून तपासा. झाली असेल तर वकिलांना लगेच सांगा. पैसे चुकवण्यासाठी केलेला व्यवहार दिवाणी कोर्टात आव्हान देऊन रद्द करून घेता येतो.

मलप्रभाकाठ

मनापासून आभार. अपील शोधलं, सापडलं: सत्र न्यायालयात आहे, शिक्षा स्थगित, पैसे भरायची अट नाही. आणि आजच निरोप आला, पंचांसमोर बसू, 40,000 घ्या आणि मिटवा. काका दमलेत, हो म्हणायच्या बेतात आहेत. वकिलाचीही ऐपत नाही.

खानापूर_विधीसेवा

काकांना आज तरी कशावरही सही करू देऊ नका. 325 हा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येणारा गुन्हा आहे, अपीलातही सत्र न्यायालयाच्या परवानगीने. पण मिटला की त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखा होतो, आणि दीड लाखाचा आदेशही त्याबरोबर जातो. पंचांसमोर कबूल केलेले पैसे नंतर आले नाहीत तर हातात काही उरत नाही. मिटवायचंच ठरलं तर ठरलेली पूर्ण रक्कम आधी कोर्टात जमा, त्याची पावती, मगच तडजोडीच्या अर्जावर सही. घरी रोख घेऊ नका. घेतलेच तर किती घेतले याची लेखी नोंद कोर्टात द्या. कमी रक्कम घ्यावी की नाही हा काकांचाच निर्णय, पण आदेश हातात असताना तो 40,000 वर सोडायची घाई नको.

वकिलासाठी: खानापूर कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत किंवा बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. उत्पन्न मर्यादेत असेल तर वकील मोफत मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अटही नाही. फोन 15100. तिथून वकील मिळाला की सत्र न्यायालयात, शिक्षेच्या स्थगितीला पैसे भरायची अट लावावी, असा अर्ज द्यायला सांगा.

दुसरी वाट कलम 357अ ची. ती राज्य सरकारच्या निधीतून, आरोपीकडून नाही. भरपाई पुरेशी नाही, किंवा आरोपी सुटला तरी पीडिताचं पुनर्वसन व्हायला हवं, असं खटल्याच्या कोर्टाला वाटलं तर ते प्राधिकरणाकडे शिफारस करतं, आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. आरोपी सापडलाच नाही तर पीडित स्वतः अर्ज करू शकतो. काकांच्या निकालपत्रात अशी शिफारस आहे का, शेवटची पानं नीट वाचा. ती बहुतेक वेळा शिक्षेच्या आदेशाच्या खाली एका ओळीत असते.

टिळकवाडी_वकील

एवढंच जोडतो: दीड लाख काकांना कमी वाटत असतील तर अपुऱ्या भरपाईविरुद्ध पीडिताला स्वतःचं अपील आहे, कलम 372 चं परंतुक. तेही याच सत्र न्यायालयात. आरोपीचं अपील चालू असतानाच दाखल करा, दोन्ही एकत्र ऐकली जातात. निकालाच्या नकलेचा अर्ज उद्याच घाला. तुम्ही फिर्यादी पक्षाचे, तुम्हाला ती फुकट मिळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तीच लागते.