मदत हवी आहे: 3 लाख 49 हजारांना जाहीर झालेली गाडी खरंच त्या किमतीत मिळते का? (शनिवारपर्यंत उत्तर हवंय)

पडेलकर_77
नमस्कार मंडळी. नवीन छोटी चारचाकी बुक केली आहे. जाहीर करताना किंमत 3 लाख 49 हजार सांगितली होती, चालवायचा खर्च नगण्य. पाच महिन्यांपूर्वी 5,000 भरले. काल फोन आला, शनिवारपर्यंत आणखी 50,000 भरा, नाहीतर सुरुवातीची किंमत मिळणार नाही, पुढे वाढेल. माझा प्रश्न एवढाच आहे की गाडी शेवटी 3.49 ला हातात येईल का? कोणाला अनुभव असेल तर सांगा. कृपया विषयाला धरून लिहा, वेळ कमी आहे.

नाखवा
रे बाबा, खयची गाडी, पेट्रोल की करंटार, ता तरी सांग. नुसती किंमत सांगून आमी काय सांगतलव? आणि पाच हजाराची पावती आसा मा?

सुमा_चिपळूण
3.49 म्हणजे एक्स-शोरूम की ऑन-रोड? जाहिरातीतली किंमत नेहमी एक्स-शोरूम असते. त्यावर विमा येतो. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, 2018 पासून. मग नोंदणी, फास्टॅग, आणि पेट्रोल गाडी असेल तर रोड टॅक्स. पेट्रोलला आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या गाडीवर 11 टक्के धरा. म्हणजे पेट्रोल असेल तर 3.49 चे चार लाख सहज होतात. डीलरने ‘हँडलिंग चार्जेस’ लावले तर ते मुळीच देऊ नका, ती सरकारी फी नाही.

पडेलकर_77
एक्स-शोरूमच असणार. गाडी इलेक्ट्रिक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून काही बिनसलेलं नाही आणि उगाच बदनामी नको. पावती आहे.

आबा_सावंतवाडी
मी वयाने मोठा, म्हणून जुनं सांगतो. टाटांच्या नॅनोचं आठवतं का? एक लाखाची गाडी. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत दाखवली, 23 मार्च 2009 ला मुंबईत बाजारात आणली. मधल्या वर्षात पोलाद महागलं, ऑक्टोबर 2008 मध्ये कारखाना बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातेत साणंदला न्यावा लागला. तरी रतन टाटांनी शब्द पाळला. पण कसा पाळला ते नीट ऐका. एक लाख ही कारखान्याच्या दारातली किंमत होती, कर आणि वाहतूक वेगळी. बुकिंग आलं दोन लाखांहून जास्त, त्यातले पहिले एक लाख लोक सोडतीने निवडले आणि जाहीर किंमत फक्त त्यांना राखली. पुढच्यांना वाढीव दर.

ती किंमत गाठायला काय काय केलं तेही बघण्यासारखं होतं. वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीन नट, आरसा एका बाजूला, मागचं दार उघडत नाही, साध्या मॉडेलला एसी नाही. इंजिन 624 सीसीचं, दोन सिलिंडरचं, मागे बसवलेलं. एवढी काटछाट टाटांसारख्या घराला करावी लागली. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारा. तुमचा नंबर कितवा, आणि किंमत कितव्या नंबरपर्यंत राखली आहे. हे लेखी मागा.

पडेलकर_77
आबा, हे कामाचं आहे. नंबर विचारतो.

विद्युत_मित्र
इलेक्ट्रिक असेल तर डोळे झाकून घ्या. मी तीन वर्षं इलेक्ट्रिक स्कूटर चालवतोय, पेट्रोल पंपाचं तोंड पाहिलेलं नाही. शिवाय केंद्राची सबसिडी मिळेल आणि जीएसटी कमी झालाय, त्यामुळे किंमत उतरेल, चढणार नाही.

सुमा_चिपळूण
विद्युत_मित्र, दोन्ही चूक. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह ही सबसिडीची योजना दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका यांच्यासाठी काढलेली, खासगी मोटारीसाठी नाही. आधीच्या फेम-2 योजनेतही खासगी मोटार नव्हती. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला उतरला तो छोट्या पेट्रोल, सीएनजी गाड्यांचा, 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर आधीपासून 5 टक्केच होता, तिथे काहीच बदललं नाही. उलट दुकानातल्या छोट्या पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या आणि हिचा फायदा तेवढा कमी झाला. राज्यात इलेक्ट्रिक मोटारीला कर माफ आहे, तो फायदा मात्र खरा.

विद्युत_मित्र
बरं, मोटारीच्या सबसिडीबद्दल चुकलो. पण चालवण्याचा खर्च बघा ना! आणि आताच सांगतो, चार्जिंगचा प्लग वेगळा ओढून घ्या. घरातल्या साध्या प्लगवर लावू नका. माझ्या भिंतीवर वीतभर काळा डाग आहे, प्लगची पट्टी वितळून सॉकेटला चिकटली होती. 16 अँपिअरचा सॉकेट, मीटरपासून वेगळी जाड वायर आणि चांगलं अर्थिंग. आपल्याकडे जांभा आहे, मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घाला.

मेकॅनिक_कुडाळ
अर्थिंगचं बरोबर आहे, पण त्याने विचारलं किमतीबद्दल. दादा, चार गोष्टी सांगा. एका चार्जमध्ये रेंज किती म्हणतात? टॉप स्पीड किती? आणि आजपर्यंत एक तरी गाडी गिऱ्हाइकाला दिली आहे का? सर्व्हिस सेंटर कुठे?

पडेलकर_77
रेंज 150. टॉप स्पीड 70. डिलिव्हरी अजून सुरू नाही, दिवाळीनंतर म्हणतात. शोरूम पुण्याला. सर्व्हिसला माणूस घरी येईल म्हणाले.

मेकॅनिक_कुडाळ
70 स्पीड म्हणजे ती मोटार आहे की क्वाड्रिसायकल, ते आधी विचारा. क्वाड्रिसायकल हा वेगळा वर्ग आहे, वेगाची मर्यादाच 70. दिसायला मोटारीसारखी, पण मोटारीला लागणाऱ्या सगळ्या चाचण्या तिला लागत नाहीत. आणि 150 ही रेंज प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेली, एसी बंद ठेवून. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची चाचणी असली तरी तिथे ना घाट ना ऊन. आपल्या चढ-उतारात एसी लावून 100 मिळाली तर खूश व्हा. आणि पुण्याहून माणूस तुमच्या पडेल गावाला पावसात किती तासांत येईल?

माझं ऐकाल तर जुनी वॅगन-आर बघा, सीएनजीवाली. मी वीस वर्षं गाड्यांखाली आडवा होतोय, हिच्याएवढी कमी कटकटीची मला दुसरी सापडली नाही.

विद्युत_मित्र
प्रत्येक धाग्यावर तुमची जुनी वॅगन-आर! लोकांनी नवीन काही घ्यायचंच नाही का? आणि सीएनजीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास घालवतात लोक, ते कोण मोजणार?

मेकॅनिक_कुडाळ
रांग असते, मान्य. पण रांगेच्या शेवटी गॅस मिळतो. न आलेल्या गाडीची रांग मला माहीत नाही.

रानपाखरू
टॉप स्पीड 70 चालेल हो, आपल्या हायवेवर त्याच्यावर जातंय कोण? रायगडात तर अजूनही खड्डेच. कशेडीचा बोगदा झाला म्हणून घाट वाचला, नाहीतर गणपतीत बारा तास लागायचे.

नाखवा
सिंधुदुर्गात तसा नाय. खारेपाटण ते झाराप चौपदरी कधीचो झालो. तळेऱ्याक हायवेर येवन 70 न चलवलंस तर मागसून ट्रक हॉर्न मारून बेजार करतले.

गोडबोले_देवरुख
लायसन्स आहे ना? नसल्यास लर्निंग लायसन्स घरबसल्या ऑनलाइन मिळतं, आधार लागतो. पक्क्यासाठी मात्र आरटीओत टेस्ट द्यावी लागते.

पडेलकर_77
लायसन्स 2011 पासून आहे. मंडळी, कृपा करून हायवे आणि लायसन्स नको. कंपनीला मेल केला, उत्तर आलं. किंमत पहिल्या 2,000 जणांना राखली आहे. माझा नंबर 3,100 च्या पुढे आहे, पण शनिवारपर्यंत 50,000 भरले तर वर सरकवतील. बाकी बॅटरीचं भाडं वगैरे नेहमीचंच.

सुमा_चिपळूण
थांबा. बॅटरीचं कसलं भाडं?

पडेलकर_77
3.49 बॅटरी सोडून आहे ना. बॅटरी भाड्याने, किमीला 2 रुपये, महिन्याला किमान 1,200 किमीचे. बॅटरीसकट घेतली तर 4.99. मला वाटलं इलेक्ट्रिकचं असंच असतं, म्हणून लिहिलं नाही.

सुमा_चिपळूण
अहो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे! गाडीची किंमत 4.99 आहे. 3.49 हा तिचा एक भाग. अशी योजना नवी नाही, सप्टेंबर 2024 मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही इलेक्ट्रिक मोटार आणली तेव्हा किंमत 9.99 लाख आणि वर बॅटरीचे किमीला साडेतीन रुपये असंच सांगितलं होतं. त्यात लपवाछपवी नाही, पण आपण वाचताना पहिलाच आकडा वाचतो. भाड्यावर जीएसटी वेगळा का, बॅटरीचा विमा कोणी काढायचा, पाच वर्षांनी गाडी विकली तर भाडं कोणाच्या डोक्यावर, हे विचारा. आणि महिन्याला तुमचं किती चालणं आहे, ते अजून सांगितलंच नाहीत.

विद्युत_मित्र
1,200 किमीच्या आत चालवणाऱ्याला ही योजना महागच. जास्त चालणं असेल तर परवडेल. दादा, गाडी रोज लागणार आहे का?

पडेलकर_77
सांगायचं नव्हतं, पण सांगतो. बाबांचं फेब्रुवारीपासून डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून तीनदा कणकवली, जाऊन-येऊन 110 किमी. भाड्याची गाडी एका फेरीचे 1,800 घेते. ड्रायव्हर चांगला आहे, पण लग्नसराईत त्याला भाडी असतात, दोनदा आयत्या वेळी आला नाही. एकदा बाबांना एसटीने आणलं, येताना त्यांना बसवत नव्हतं, आईच्या मांडीवर डोकं ठेवून तळेऱ्यापर्यंत आले. म्हणून घरची गाडी हवी. बजेट साडेतीन. कर्ज आता नको, आंब्याचे पैसे आलेत तेवढ्यातच.

आबा_सावंतवाडी
अरे लेका, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस.

सुमा_चिपळूण
दादा, आता नीट हिशेब करू. महिन्याला साधारण 13 फेऱ्या. 13 गुणिले 1,800 म्हणजे 23,400 रुपये भाड्यात जातात. बुक केल्यापासून पाच महिन्यांत 1 लाख 17 हजार गेले. दिवाळीनंतर गाडी म्हणजे आणखी तेवढेच जाणार, आणि पहिल्यांदाच बनणाऱ्या गाडीची तारीख पुढे जाते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

चालणं महिन्याला 1,430 किमी. बॅटरीभाडं 2,860, पाच वर्षांत 1 लाख 71 हजार 600. वीज वेगळी. म्हणजे 3.49 ची गाडी पाच वर्षांत 5.20 ला पडते आणि बॅटरी तरीही तुमची नाही. पेट्रोलची जुनी गाडी लीटरला 18 देत असेल आणि पेट्रोल 105 धरलं तर महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास. सीएनजीवर त्याहून बरंच कमी. काहीही घेतलंत तरी 23,400 च्या निम्म्याच्याही खाली. किंमत 3.49 राहते की वाढते, यापेक्षा गाडी या महिन्यात दारात येते की नाही, हा तुमचा प्रश्न आहे.

विद्युत_मित्र
मी इलेक्ट्रिकवाला, पण सुमाताईंचं पटलं. पेशंटसाठी न आलेली गाडी नको. 110 किमीचं अंतर आणि एसी लावून शंभरची रेंज, म्हणजे कणकवलीत डायलिसिसच्या चार तासांत चार्जिंगला लावावीच लागणार. त्या चार तासांत प्लग मिळाला नाही तर परतीला अडकाल. दोन वर्षांनी दुसरी गाडी घ्याल तेव्हा विचारा मला.

गोडबोले_देवरुख
डायलिसिस जवळपास कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं का बघितलंत का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं.

पडेलकर_77
योजनेतच चालू आहे काका. जवळ नंबर लावलाय, जागा रिकामी नाही. धन्यवाद.
सुमाताई, हिशेब दोनदा वाचला. भाड्याचे पैसे मी कधी एकत्र मोजलेच नव्हते, फेरीगणिक देत होतो. 5,000 परत मिळतील का?

सुमा_चिपळूण
बुकिंग करताना ‘रिफंडेबल’ लिहिलेलं असेल त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आज. मग मेलवरच रद्द करा, फोनवर नको. दिले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही नाही झालं तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 2019 च्या कायद्याने कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही.

मेकॅनिक_कुडाळ
दादा, माझ्या ओळखीत दोन वॅगन-आर आहेत. एक 2017 ची, कंपनीच्या सीएनजीची. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी लागते, तो कागद मी बघितलाय, चालू आहे. मागतो 3.20. दुसरी स्वस्त आहे, पण मालक मालवणात समुद्राला लागून राहतो. खाली घुसून पाहिलं, सायलेन्सर आणि पट्टे खाऱ्या हवेने पापडासारखे झालेत, बोट लावलं की तुकडा हातात येतो. ती दाखवणारही नाही. रविवारी या, मी सोबत येतो. माझे पैसे नकोत.

नाखवा
ह्यो माणूस खरो आसा, माझी होडीची मशीनय ह्येनाच केल्यान. जा तू.

पडेलकर_77
50,000 भरत नाही. रद्द करण्याचा मेल आत्ता पाठवला, पानाचा फोटोही काढला. रविवारी सकाळी 9 ला कुडाळ स्टँडवर येतो. एक सांगा, पुढची सीट मागे किती पडते? बाबा डायलिसिसनंतर बसू शकत नाहीत. नव्या गाडीचे एवढे व्हिडिओ पाहिले, हे बघायचं राहूनच गेलं.

मेकॅनिक_कुडाळ
डोक्याचा टेकू काढला की पुढची सीट मागच्या बैठकीला जाऊन टेकते. तरी रविवारी तुम्ही स्वतः पंधरा मिनिटं आडवे पडून बघा, मी कणकवलीच्या दिशेने थोडी चालवतो. येताना आईंना आणा, त्यांना मागे बसून बाबांना धरता येतं का तेही कळेल.