'स्थलांतर' या एका शब्दात जॉर्जियाची लोकसंख्या मावते का?

प्रश्न

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या लोकसंख्येवर मराठीत लेख लिहिते आहे. मसुदा वाचून पाहिला तर 'स्थलांतर' जवळपास प्रत्येक परिच्छेदात. चेरोकींचं (तिथल्या मूळनिवासी लोकांचं) स्थलांतर, काळ्या लोकांचं उत्तरेकडे स्थलांतर, पुन्हा दक्षिणेकडे स्थलांतर, शेवटी भारतीयांचं. हे सगळं एकाच मापाचं नाही हे दिसतंय. मग मराठीत कुठे काय म्हणावं? आणि 'परागंदा' लिहिलं तर आज कुणाला कळेल का?

प्रतिसाद

जनगणनेच्या परिभाषेत 'स्थलांतर' बरोबरच आहे. आपल्याकडे लग्न होऊन सासरी आलेली बाईसुद्धा जनगणनेच्या लेखी स्थलांतरित असते. जन्माचं किंवा आधीच्या वास्तव्याचं गाव वेगळं, एवढं पुरतं. तक्त्यात आणि आलेखात तोच शब्द ठेवा. मजकुरात मात्र कोण गेलं, कुणी घालवलं, हे कळायला हवं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. पुढे जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय जवळचा आहे.

सगळं राज्य एकदम घेण्यापेक्षा राजधानी अटलांटाच्या उत्तरेची फोर्साइथ काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घ्या. ही काउंटी १८३२ मध्ये चेरोकींच्या मुलखातून काढली. त्याच वर्षी राज्याने चेरोकींची जमीन तुकडे पाडून, सोडत काढून गोऱ्यांना वाटली. चेरोकी तेव्हा तिथेच राहत होते. १८३८ मध्ये सैन्य आलं, माणसं घरांतून काढून छावण्यांत कोंडली आणि मिसिसिपी नदीपलीकडे धाडली. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. याला मी 'हद्दपारी' म्हणेन. 'विस्थापन' चुकीचं नाही, पण त्या शब्दाला सरकारी अहवालाचा वास आहे. धरणग्रस्तांच्या फायलीत तो इतका वापरला गेला की त्यातला बंदुकीचा धाक निघून गेला.

पुढे १९१२. एका गोऱ्या तरुणीवरच्या जीवघेण्या हल्ल्यानंतर जमावाने एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून मारलं, दोन पोरसवदा मुलांना फाशी झाली, आणि पुढच्या काही आठवड्यांत काउंटीतल्या हजाराहून अधिक काळ्या रहिवाशांना घरं-चर्च जाळून, गोळ्या झाडून पळवून लावलं. कित्येकांची जमीन, उभी पिकं मागे राहिली. १९१० आणि १९२० च्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवले तर काळ्यांचा आकडा जवळपास पुसला गेलेला दिसतो. इथे 'स्थलांतर' लिहिणं मला अन्याय वाटतो. 'हुसकावून लावलं' हे साधं क्रियापद लिहा. कर्ता आपोआप विचारला जातो : कुणी?

प्रतिसाद

मग 'परागंदा' कुठे बसेल? मोडी कागदांत 'रयत परागंदा जाहली' येतं ते दुष्काळाने किंवा जुलमाने. कुणी हाताला धरून बाहेर काढलेलं नसतं, पण राहणंच अशक्य झालेलं असतं.

प्रतिसाद (वरचाच, फोर्साइथवाला)

अगदी. म्हणूनच तो शब्द १९१० ते १९७० या काळात उत्तरेकडे गेलेल्यांसाठी योग्य आहे. अमेरिकेच्या साऱ्या दक्षिणेतून सुमारे ६० लाख काळी माणसं बाहेर पडली. जॉर्जियात कापसाच्या बोंडावर सोंडकिडा पडला, बटईने कसणाऱ्यांच्या डोक्यावर मालकाचं कर्ज, मतदानाचा हक्क कागदावरच, आणि जमावाकडून ठार होण्याची भीती कायम. उत्तरेत कारखान्यांना माणसं हवी होती.

जाणंसुद्धा सोपं नव्हतं. मेकन शहराने मजूर नेणाऱ्या एजंटांच्या परवान्याला २५ हजार डॉलर फी लावली. वर १० स्थानिक पाद्री, १० कारखानदार आणि २५ व्यापारी यांची शिफारस आणा अशी अट. ज्यांना माणूस म्हणून वागवायचं नव्हतं, त्यांना मजूर म्हणून सोडायचंही नव्हतं.

आकडा बघा. १९२० मध्ये जॉर्जियात काळी लोकसंख्या सुमारे १२ लाख. १९७० मध्येही सुमारे १२ लाखच. मधल्या ५० वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून ४६ लाखांवर गेली. म्हणजे एवढ्या पिढ्या जन्मल्या आणि तितकीच माणसं निघून गेली. काळ्यांचं प्रमाण १९०० मध्ये ४६.७ टक्के होतं ते १९७० ला २५.९ टक्के झालं.

शब्द कळणार नाही ही भीती ठेवू नका. 'घरदार सोडून परागंदा झाले' असं लिहिलं की संदर्भाने कळतो.

प्रतिसाद

१९७० नंतरच्यासाठी 'परतले' लिहाल तर जपून. अटलांटात आलेल्यांपैकी बरेच शिकागो-डेट्रॉइटमध्ये जन्मलेले. परतले ते आजीआजोबांच्या मुलखात. कोकणातल्या चाकरमान्याचा नातू गावी घर बांधतो तेव्हा आपण त्याला 'गावी आला' म्हणतो, जन्म परळचा असला तरी. त्या अर्थाने 'दक्षिणेकडे परत ओघ सुरू झाला' चालेल. २०२० मध्ये राज्यात काळे रहिवासी सुमारे ३३ लाख होते, हा आकडा ओघ किती मोठा होता ते सांगतो. अर्थात सगळी वाढ बाहेरून आलेल्यांची नाही, जन्मही धरा.

प्रतिसाद

गुलामगिरीच्या काळाबद्दल कुणी बोललं नाही. तिथे 'आफ्रिकन लोक जॉर्जियात आले' असं वाक्य मराठी लेखांत सर्रास दिसतं. 'आणले' आणि 'विकले' ही क्रियापदं टाळू नका. मार्च १८५९ मध्ये सव्हाना शहराजवळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसं लिलावात गेली. १८६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १०.५७ लाख, त्यात ४.६२ लाख गुलाम. त्यांच्या वेगळ्या यादीत मालकाचं नाव आहे. गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. नाव नाही. जनगणनेला आपण बोलताना 'शिरगणती' म्हणतो. या यादीला तोच शब्द द्यावा, कारण तिथे खरोखर नुसती डोकी मोजली.

प्रतिसाद

भारतीयांचं काय? मी फोर्साइथच्या जवळच राहते. काउंटीची लोकसंख्या १९८० मध्ये २८ हजारांच्या आत होती, २०२० मध्ये २,५१,२८३. आशियाई १५ टक्क्यांहून अधिक, त्यात भारतीय सर्वाधिक. मराठी घरंही पुष्कळ. मराठी बातम्या आम्हाला 'स्थायिक' म्हणतात. ज्यांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत अडकलंय, नोकरी गेली तर थोड्या दिवसांत बिऱ्हाड हलवावं लागेल, ते स्थायिक कसे? 'राहायला आलेले' म्हणा, ते सर्वांना लागू पडतं. आणि त्याच परिच्छेदात १९१२ चाही उल्लेख करा. इथे घर घेणाऱ्या आपल्या लोकांपैकी अनेकांना तो ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक असायला हवा.

प्रतिसाद

अजून एक दुरुस्ती, मसुद्यात असेल तर. 'जॉर्जियाचे १ कोटी ७ लाख नागरिक' लिहू नका. मराठी वर्तमानपत्रांत रस्त्यावरच्या प्रत्येकाला 'नागरिक' म्हणायची सवय आहे, पण अमेरिकेची जनगणना १ एप्रिलला तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला मोजते. नागरिकत्व असो वा नसो. वर लिहिणाऱ्या ताई त्या आकड्यात येतात. 'रहिवासी' लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. तक्त्यात 'स्थलांतर' ठेवते. मजकुरात १८३८ ला हद्दपारी, १९१२ ला हुसकावणं, उत्तरेकडे गेलेल्यांना परागंदा, १९७० नंतर परतीचा ओघ. 'नागरिक' सात ठिकाणी सापडला, सगळीकडे 'रहिवासी' केलं.