मदत हवी आहे: बाण सुटताना धनुष्याचा हादरा कसा कमी करावा?

माझ्याकडे शिकारीचे कंपाउंड धनुष्य (टोकांना चाके असलेले) आहे; त्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, ५० पौंडांची आहे. बाण सुटताच मुठीत असा हादरा बसतो की मनगट काही क्षण झिणझिणत राहते. सैल स्क्रू घट्ट केले. दोरीवर रबरी सायलेन्सर बसवल्यावर टणत्कार बराच मऊ झाला, हादरा मात्र तसाच आहे. माझे बाण ३५० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक), म्हणजे ओढीच्या दर पौंडाला ७ ग्रेन. हलका बाण धनुष्याची ऊर्जा कमी उचलतो आणि उरलेली ऊर्जा कंपन होऊन धनुष्यातच राहते, हे लक्षात घेता ४५० ग्रेनचे बाण घ्यावेत, की आधी स्टॅबिलायझर (धनुष्याच्या पुढे बसवायचा, कंपन शोषणारा दांडा) लावून पाहावा? वेग थोडा घटला तरी चालेल, कारण आवाजाने सावज दचकणे अधिक वाईट. दोन्ही कॅम (टोकांची चाके) एकाच वेळी थांबतात की नाही, हे कसे तपासावे, तेही जाणकारांनी कृपया सांगावे.