ब्लॉकचेन प्रकल्पाच्या समुदायाशी होणारा संवाद सुटसुटीत कसा करावा? सल्ला हवा आहे

धागाकर्ता

आमचा एक छोटा मुक्तस्रोत ब्लॉकचेन प्रकल्प आहे. नोड (साखळीची प्रत ठेवून व्यवहार तपासणारा संगणक) चालवणारे, टोकन (साखळीवरचे नाणे) बाळगणारे आणि या साखळीवर अ‍ॅप तयार करणारे असे तिन्ही प्रकारचे लोक समुदायात आहेत. घोषणा मात्र टेलिग्राम, डिस्कॉर्ड, एक्स आणि गिटहब (कोड ठेवण्याचा मंच) अशा चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या माणसांकडून जातात. मागच्या अपग्रेडच्या वेळी ठरलेली ब्लॉक उंची (साखळीतल्या ज्या क्रमांकाच्या ब्लॉकपासून नवे नियम लागू होतात तो आकडा) आम्ही आधीची केली आणि डिस्कॉर्डवर तसे कळवले, पण टेलिग्रामवर जुनाच आकडा पिन केलेला राहिला. त्यावर विसंबलेल्या नोडचालकांनी नवी आवृत्ती वेळेत बसवली नाही आणि त्यांचे नोड साखळीपासून तुटले. त्यांचा राग रास्त होता आणि त्याची खंत मला अजून आहे. चारपैकी दोन मंच बंद करावेत का?

प्रतिसाद १

मंच बंद करून फारसे काही साधणार नाही, कारण लोक जिथे आहेत तिथेच विचारणार. मूळ मजकूर मात्र एकाच ठिकाणी ठेवा, शक्यतो स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि बाकी सर्वत्र एक ओळ व त्या पानाचा दुवा एवढेच द्या. ब्लॉक उंची, तारीख, आवृत्ती यांपैकी कोणताही आकडा दुव्याबाहेर लिहायचाच नाही, म्हणजे बदल झाला तरी तो एकाच जागी करावा लागेल. हा एक नियम पाळला असता तर तुमचे नोड तुटले नसते.

दुसरे म्हणजे, घोषणा कोणासाठी आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. उदाहरणार्थ: ‘नोडचालकांनी आवृत्ती २.४ बसवणे आवश्यक. टोकनधारकांनी काहीही करायचे नाही.’ यातले दुसरे वाक्य अनेक प्रकल्प गाळतात, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथरियम या ब्लॉकचेनचे ‘मर्ज’ (व्यवहार पक्के करण्याची पद्धत बदलणारे मोठे अपग्रेड) झाले, तेव्हा नोडचालकांना एक्झिक्युशन (व्यवहार पार पाडणारा) आणि कन्सेन्सस (साखळीवर एकमत राखणारा) असे दोन्ही क्लायंट, म्हणजे नोडची सॉफ्टवेअर, चालवणे भाग होते, पण सामान्य धारकांना काहीच करायचे नव्हते. तरीही ‘जुने इथर देऊन नवे घ्या’ (इथर म्हणजे इथरियमचे नाणे) असे सांगणारे भामटे फिरत होते, म्हणून धारकांना ते पुन्हा पुन्हा बजावून सांगावे लागले.

प्रतिसाद २

वरील सल्ला नेहमीच्या घोषणांसाठी योग्य आहे, पण आणीबाणीची वाट वेगळी असावी. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.८ आवृत्तीने स्वीकारलेला एक ब्लॉक ०.७ च्या नोडांनी नाकारला आणि साखळी दुभंगली. तेव्हा विकासक आणि मोठ्या मायनिंग पूलांचे (एकत्र येऊन नवे ब्लॉक तयार करणाऱ्या गटांचे) चालक आयआरसी या चॅट सेवेवर थेट बोलू शकले, पूल ०.७ वर परतले आणि काही तासांत साखळी पुन्हा एक झाली. अशा वेळी संकेतस्थळाचे पान तयार होईपर्यंत थांबता येत नाही. तुमच्या मोठ्या नोडचालकांशी संपर्क कसा साधायचा, हे आजच लिहून ठेवा.

सुरक्षेची त्रुटी असेल तर सगळे लगेच सांगणेही घातक ठरते. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरने (बिटकॉइनचे मुख्य सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रकल्पाने) ०.१६.३ आवृत्ती काढताना त्रुटीमुळे नोड बंद पडू शकतात एवढेच सांगितले. तीच त्रुटी वापरून जादा नाणी निर्माण करता आली असती, हे दोन दिवसांनी जाहीर केले. पूर्ण खुलासा होणार आणि लवकर होणार, ही खात्री समुदायाला असेल तरच असे थांबणे लोक मान्य करतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मूळ पान एकच झाले, तर ते किंवा आमचे एक्सचे खाते कोणी बळकावल्यास काय करावे?

प्रतिसाद ३

ही भीती खरी आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी खुद्द अमेरिकेच्या रोखे आयोगाचे एक्स खाते सिमकार्डच्या फसवणुकीतून (फोन क्रमांक दुसऱ्या सिमवर वळवून) बळकावले गेले आणि बिटकॉइन ईटीएफला (बिटकॉइनच्या भावाशी जोडलेल्या, शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांना) मंजुरी मिळाल्याची खोटी बातमी त्यावरून गेली. त्या वेळी खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू नव्हती. तुमच्याकडे प्रसिद्धीचे अधिकार दोघा-तिघांपुरते ठेवा आणि त्यांना एसएमएसऐवजी हार्डवेअर की (लॉग-इनसाठी लागणारे छोटे उपकरण) द्या. संकेतस्थळावरचा मजकूर गिटहबमधून, दुसऱ्याने तपासल्यावरच प्रसिद्ध होऊ द्या. ‘आमचा कोणताही प्रशासक स्वतःहून खाजगी संदेश पाठवत नाही’ ही ओळ प्रत्येक मंचावर पिन करा, आणि ती करण्याआधी टेलिग्रामवरचा तो जुना आकडा काढून टाका.