मदत हवी आहे: बेताच्या बजेटमध्ये जुनी मोठी सेडान, दोन गाड्यांपाशी घोडं अडलंय

नमस्कार मंडळी,

गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की किल्ली फिरवली की ती चालू व्हायला हवी. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

घरात आम्ही पाच जण. थोरला माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झालाय, धाकटी त्याच वाटेवर आहे आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यात. सध्याच्या लहान हॅचबॅकमध्ये आई पुढे बसते, मागे तिघं एकमेकांना कोपरं मारत बसतात आणि वॉकर डिकीत मावत नाही म्हणून कुणाच्या तरी मांडीवर असतो. उंच एसयूव्ही बघून झाल्या, आईला तेवढा पाय उचलवत नाही. म्हणून ऐसपैस सेडान. नवी परवडणार नाही, तेव्हा 'थोडे पैसे घालून नवीच घ्या' असा सल्ला कृपया नको.

दोन गाड्या पाहिल्या. दोघेही जवळपास सारखीच किंमत सांगताहेत. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, विकणारे इथेच वाचत असले तर पंचाईत.

पहिली: जपानी, अडीच लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, ११ वर्षांची, रनिंग १,६२,०००. दोन मालक झालेत. रंग मातकट, मागच्या बंपरवर ओरखडे. मालकाने काही विचारायच्या आतच सर्व्हिसच्या पावत्यांची जाडजूड फाईल समोर ठेवली.

दुसरी: युरोपियन, महागड्या ब्रँडची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ९ वर्षांची, रनिंग फक्त ४८,०००. एकच मालक. लेदर सीट, सनरूफ, एअर सस्पेन्शन, आरशासारखी चकाकते. पावत्या 'घर बदलताना गहाळ झाल्या'. गाडी क्वचितच बाहेर काढायचो म्हणाले. ब्रेक पेडलच्या रबराचा एक कोपरा पार झिजून आतली पट्टी दिसत होती, पण ते रबर बदलून देतो म्हणाले.

खरं सांगायचं तर माझं मन दुसरीकडे ओढतंय. मुलं तर तिच्या प्रेमातच पडलीत. बायको म्हणते पहिली. बायकोचं म्हणणं खोडून काढायला मुद्दे हवे आहेत, किंवा मग निमूट ऐकायला तरी.

तेलकट_हात:
वहिनींचं ऐका. धागा इथेच बंद करता आला असता, पण विचारलंच आहे तर सविस्तर लिहितो.

तुम्ही ओघात लिहून गेलात ते पेडलचं रबर हाच सगळा मामला आहे. ४८,००० किलोमीटरमध्ये ते आतल्या पट्टीपर्यंत झिजत नाही, अगदी रोज ट्रॅफिकमध्ये चालवली तरी. आणि ही तर म्हणे क्वचितच बाहेर निघायची! मीटर मागे घेणं आता लॅपटॉप जोडून काही मिनिटांत होतं. पण ड्रायव्हरच्या अंगाचा आणि हातापायांचा जिथे जिथे रोज संबंध येतो, त्या जागा कुणी मागे घेऊ शकत नाही. स्टिअरिंगवर घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी लेदर गुळगुळीत झालंय का? ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची उशी, जिच्यावरून घसरत आपण आत बसतो, ती चेपलीय का? गिअरच्या मुठीवरची अक्षरं पुसलीत का? आता त्याच नजरेने शेजारची सीट पाहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर पाणी मुरतंय.

ब्रेक डिस्कच्या कडेवरून नख फिरवा. मोठी धार लागली तर ती डिस्क बरीच फिरलेली आहे. टायरच्या बाजूला एका लंबगोलात ४ आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायर वयाने बदलले असतील तर हरकत नाही, पण चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी कुठे कुठे हात आखडला असेल ते समजून जा.

बऱ्याच युरोपियन गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद फक्त मीटरमध्ये नसते, इतर एक-दोन कंट्रोल युनिटमध्येही (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांत) असते. ज्याच्याकडे त्या ब्रँडचा नीट स्कॅनर आहे असा मेकॅनिक घेऊन जा. साध्या ब्लूटूथवाल्या डोंगलने ते दिसेलच असं नाही.

आणि मुख्य गोष्ट. महागडी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टांची उतरत नाही. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात, त्यांना वयाने चिरा पडतात. मग हवा गळते, कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि एक दिवस तोही बसतो. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावायला सांगा आणि सकाळी सुरू करण्याआधी चारही चाकांवरच्या कमानींची उंची टेपने मोजा. एखादा कोपरा खाली बसलेला असला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

कुठलीही घ्या, बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवून मगच भाव करा. जुनी गाडी पहिल्या वर्षात तो मागून घेतेच.

मागच्या_सीटवरून:
सगळे इंजिनात डोकं घालून बसतील, मी आईंबद्दल बोलते. माझ्या सासूबाईंचेही गुडघे बदललेत.

सेडानमध्ये चढावं लागत नाही हे खरं, पण बऱ्याच सेडान खाली बसलेल्या असतात. आत जाताना माणूस अक्षरशः सीटवर पडतो आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर घेऊन उठावं लागतं. बसणं सोपं, उठणं अवघड. घरात आई ज्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठतात तिची उंची टेपने मोजा आणि मग गाडीच्या सीटची कड जमिनीपासून किती आहे ते मोजा. फरक चार बोटांपेक्षा जास्त असला तर रोजचा त्रास आहे.

दुसरं, छपराचा उतार. हल्ली देखणेपणासाठी मागचं छप्पर घसरतं करतात, त्यामुळे मागे बसताना मान वाकवावी लागते. गुडघे आणि मान एकदम वाकवणं त्या वयात जमत नाही. पुढे किंवा मागे, आधी पाठमोरं टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. त्यासाठी दरवाजा किती उघडतो आणि खालचा उंबरा किती रुंद आहे हे बघा. आईंना सोबत न्या. फोटोवरून हे कळत नाही.

वॉकर पण न्या! सेडानची डिकी खोल असते पण तोंड अरुंद असतं. डिकी ५०० लिटरची म्हणून खूश व्हाल आणि वॉकर तोंडाशीच अडेल. या बाबतीत स्कोडा सुपर्ब वेगळी, तिचं मागचं दार काचेसकट वर उघडतं. बजेटमध्ये चांगली मिळाली तर बघायला हरकत नाही.

आकडेमोड:
'मोठी' या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत ईपीए ही सरकारी संस्था गाडीचा वर्ग लांबीवरून नव्हे, आतल्या जागेवरून ठरवते. माणसांची जागा आणि डिकी मिळून १२० घनफूट भरली की 'लार्ज', ११० ते १२० मध्ये 'मिडसाइझ'. त्या हिशेबात २००८ ची होंडा अकॉर्ड लार्जमध्ये गेली आणि तेव्हाची टोयोटा कॅमरी मिडसाइझमध्ये राहिली. लोक मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजतात. लांब बॉनेटच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या महागड्या गाड्यांत बाहेरून भलं मोठं धूड आणि आत, मधल्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा उंच बोगदा, असं होतं. तुम्ही पाच जण आहात. मधल्या सीटवर कोण बसणार ते आधी ठरवा आणि त्यालाच अर्धा तास बसवून फिरवा.

दोन्ही गाड्या पेट्रोल आहेत हे बरं. जवळच्या जवळ फिरणाऱ्याने धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची जुनी डिझेल घेऊ नये, तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही आणि तुंबतो.

उलट_तपासणी:
फाईल जाड आहे म्हणून भाळू नका, हेही सांगतो. पावत्या वाचा. तारखा आणि किलोमीटर चढत्या क्रमाने जाताहेत का, चॅसी नंबर प्रत्येक पावतीवर तोच आहे का. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. पावतीवरच्या गॅरेजला फोन करून गाडी आठवते का विचारा. मी एकदा विचारलं तर समोरचा माणूस हसला आणि म्हणाला, 'ती अजून चालतेय?' नाही घेतली.

त्याच नंबरवरून रिकॉलचं काम, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती, झालंय का तेही तपासा. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं, मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभरात कितीतरी ब्रँडच्या गाड्या त्यापायी परत बोलावल्या आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तुमच्या दोन्ही गाड्यांची वयं बघता हे विचारायलाच हवं. रिकॉलचं काम सहसा फुकट होतं, पण मालकाने गाडी न्यायला हवी ना!

ठोकलेली आणि पाण्यात बुडालेली यांबद्दल इथे बरेच धागे आहेत, परत लिहीत नाही. फक्त एक करा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाळाची रेघ तिथे राहते, कारण धुणाऱ्याला तिथवर जायचं सुचत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल मेकॅनिक, आई आणि वॉकर असा लवाजमा घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो.

आधी दुसरी. आम्ही सांगून गेलो होतो, इंजिन गार असतानाच बघायचं आहे, कारण तापलेल्या इंजिनाच्या खोडी लपतात. पोचलो तर मेकॅनिकने नमस्कार करायच्याही आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. 'आत्ताच जरा पुसायला काढली होती,' असं उत्तर मिळालं. मग त्याने स्कॅनर लावला. फॉल्ट एकही नाही, मी खूश झालो, तर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या चालता चालता करत असते त्यातल्या बहुतेक 'अपूर्ण' दाखवत होत्या. म्हणजे फॉल्ट नव्हते असं नाही, नुकतेच पुसले होते. नंतर गिअरबॉक्सच्या युनिटमधला आकडा काढला: १,३७,०००. मीटरवर ४८ हजार.

मी मालकांकडे पाहिलं. ते सनरूफकडे बघत होते. 'मीटर मध्ये एकदा बदललं होतं, सांगायचं राहिलं.' पेडलला तेवढ्यात नवीन रबर बसवलेलं होतं.

मुलगा परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलला नाही.

पहिली गाडी रात्रभर उभी होती. थंड इंजिन सुरू केलं तेव्हा सायलेन्सरपाशी मी स्वतः उभा राहिलो. क्षणभर वाफ, निळा धूर नाही, म्हणजे इंजिन तेल जाळत नाही. तेल टाकायचं झाकण उघडून खालची बाजू पाहिली, दुधाळ चिकटा नव्हता, म्हणजे तेलात पाणी मिसळत नाही. इंजिनात टायमिंग चेन आहे, ठरावीक काळाने बदलावा लागणारा बेल्ट नाही, त्यामुळे तो एक मोठा खर्च टळला. वजाबाकीत: पुढचे लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबर) गेलेत, गतिरोधकावरून जाताना टक्-टक् आवाज येतो, टायर दोन बदलावे लागतील, एसी सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं कुबट वास. मेकॅनिक म्हणाला ही सगळी झिजेची कामं आहेत, बिघाडाची नाहीत. त्याने कागदावर यादी करून दिली आणि तोच कागद पुढे करून भाव केला. मालकांनी यादी वाचली, मान हलवली आणि जवळपास तेवढे कमी केले.

पावत्यांच्या गॅरेजलाही फोन केला. त्यांना गाडी आठवत होती, 'मालक फार प्रश्न विचारतात' अशी तक्रारही होती.

आई मागे डावीकडे पाठमोरी टेकली, पाय वळवले, बसली. उतरताना वरची मूठ धरून एका दमात उठली. @मागच्या_सीटवरून, सीट खुर्चीपेक्षा तीनच बोटं खाली निघाली. वॉकर आडवा नाही गेला, तिरका करून गेला.

आता एकच प्रश्न उरलाय. फाईलमध्ये इंजिन ऑइलच्या पावत्या वेळच्या वेळी आहेत, पण गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची एकही नाही. मालक म्हणतात ते 'आयुष्यभराचं' असतं. बदलू का? जुन्या गाडीचं बदललं की गिअरबॉक्स जातो असंही वाचलं.

तेलकट_हात:
अभिनंदन! 'आयुष्यभर' कुणाचं, तेलाचं की गिअरबॉक्सचं, ते कंपनी सांगत नाही. बदला, पण मशीन लावून फ्लश करून घेऊ नका, दाबाने जुना गाळ हलून नको तिथे जाऊन बसतो. खालचा बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं तेवढंच भरायचं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. हजारेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा तेच करा. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. काळपट असलं तर चालेल, धातूचा चमकता कीस दिसला तर इथे फोटो टाका.

आता गिअर बदलताना झटका लागत नाही ना?

धागाकर्ता:
नाही, गार असताना नाही आणि तापल्यावरही नाही. मेकॅनिकने दोन्ही वेळा मलाच चालवायला लावली होती. मग या आठवड्यात पहिलं तेल बदलतो. फडकं मुलगा धरणार आहे, आता त्यालाच जास्त उत्सुकता आहे.