लिंक्डइनवर ओळखी भरपूर, गॅस्केटची इन्क्वायरी मात्र शून्य. काय बदलावं?

मकरपुरा_युनिट
मंडळी, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं स्पायरल वाउंड (धातूची पट्टी आणि फिलर गुंडाळून केलेल्या) आणि पीटीएफई (टेफ्लॉन) गॅस्केटचं, म्हणजे पाइपच्या जोडात गळती रोखायला बसवायच्या चकत्यांचं, छोटं युनिट आहे. माल जातो नंदेसरी आणि दहेजच्या केमिकल प्लँटला, पण सगळा डीलरमार्फत. आता थेट प्लँटला द्यायचाय. लिंक्डइनवर युनिटच्या नावाने खातं आहे, ओळखी हजाराच्या घरात, त्यात निम्मे आपल्यासारखेच सप्लायर. कॅटलॉग टाकला की अंगठे येतात, इन्क्वायरी येत नाही. पैसे भरून मोठं खातं घ्यावं का? आणि ऑर्डर मिळाल्यावर पार्टी टिकवायला या साइटचा काही उपयोग होतो का?

दांडियाबाजारकर
पैसे भरायचं राहू द्या. आधी खातं नीट करा. व्यक्तीच्या खात्यावर युनिटचं नाव घालणं त्यांच्या नियमात बसत नाही. कधीही कुलूप लागेल आणि ओळखी अडकून पडतील. खातं बंद करू नका, नावाच्या जागी स्वतःचं नाव घाला, ओळखी तशाच राहतात. युनिटसाठी वेगळं कंपनी पेज काढा. त्याआधी सेटिंगमध्ये डेटा प्रायव्हसीत जाऊन आपल्या डेटाची प्रत मागवा. ओळखींची यादी सीएसव्ही फाईलमध्ये मिळते. ईमेलचे रकाने बरेचसे रिकामे असतील, कारण ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच दिसतात.

नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात, पण शोधात बहुधा सुरुवातीचेच थोडे शब्द दिसतात. तिथे 'प्रोप्रायटर' लिहून जागा घालवू नका. 'स्पायरल वाउंड गॅस्केट, २४ इंचापर्यंत, एएसएमई बी १६.२०, बडोदा' असं लिहा (बी १६.२० हे या गॅस्केटचं मानक).

आता माणूस कोण शोधायचा? सगळे परचेसच्या मागे धावतात. परचेसवाला तीन कोटेशनं मागवून भाव पाडतो, ते त्याचं कामच आहे. कुठलं गॅस्केट हवं हे ठरतं मेंटेनन्समध्ये. कंपनीच्या पेजवर 'पीपल' उघडून मेंटेनन्स, स्टॅटिक इक्विपमेंट, रिलायबिलिटी, शटडाऊन प्लॅनिंग (देखभालीसाठी प्लँट बंद ठेवण्याचं नियोजन) हे शब्द इंग्रजीत टाका. दहेज हे ठिकाण घालून शोधू नका. तिथले कितीतरी इंजिनिअर बडोद्यात किंवा भरूचला राहतात आणि बसने जातात, प्रोफाइलवर गावही तेच असतं. शोध कंपनीच्या नावाने घ्या. फुकटच्या खात्यात फार शोधलं की हात आखडतो आणि १ तारखेला पुन्हा मोकळा होतो, म्हणून कंपन्यांची यादी आधी कागदावर करून बसा.

आमंत्रणासोबत चिठ्ठी जोडायची सोय फुकटच्या खात्याला महिन्याला मोजकीच मिळते. ती खऱ्या कामाच्या माणसांसाठी ठेवा, दोन ओळींत आटपा आणि ऑर्डर मागू नका. 'हीट एक्स्चेंजरची गॅस्केटं बनवतो, युनिट मकरपुऱ्यात, शटडाऊनमध्ये ऑड साइज लागली तर हाताशी असू' एवढं पुरे. उत्तर न आलेली आमंत्रणं अधूनमधून मागे घ्या, साठत गेली की खातं संशयात येतं. मात्र मागे घेतलेल्या माणसाला तीन आठवडे पुन्हा आमंत्रण जात नाही.

स्टोअर_खिडकी
परचेसच्या बाजूने थोडं. इंजिनिअरला तुमचा माल पटला तरी व्हेंडर कोड (कंपनीत नोंदलेल्या सप्लायरचा नंबर) नसेल तर पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, निघत नाही. जीएसटी, पॅन, उद्यम प्रमाणपत्र, कॅन्सल्ड चेक, आयएसओ असेल तर ते आणि आधी माल दिलेल्या प्लँटांची यादी, हे सगळं एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. सोबत मटेरियल सर्टिफिकेटचा नमुना जोडा, ईएन १०२०४ या युरोपीय मानकाचं ३.१ असेल तर उत्तम. नवा सप्लायर बहुतेक इथेच लटकतो: कोटेशन दोन तासांत पाठवतो आणि सर्टिफिकेट मागितलं की आठवडाभर गायब.

शटडाऊनची गॅस्केट यादी कित्येक महिने आधीच निघते. ऐन शटडाऊनमध्ये नव्या माणसाला जागा मिळते ती फ्लँज (पाइपचा जोड) उघडल्यावर निघालेल्या विचित्र साइजसाठी. म्हणून पुढचं शटडाऊन कधी, हे पहिल्याच गप्पांत विचारून घ्या.

आणि साधं सीएएफ (दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या) शीटचं गॅस्केट विकायचं असेल तर लिंक्डइनवर वेळ घालवू नका. तो निव्वळ भावाचा बाजार आहे, डीलरच बरा.

व्हॉल्व्हवाली_अलकापुरी
दादा, ओळखीत निम्मे सप्लायर हे तुम्हीच म्हणालात, म्हणजे कॅटलॉगला अंगठे देणारे बहुतेक तुमचे स्पर्धकच. प्लँटच्या माणसाला उपयोगी पडेल असं काहीतरी टाका. उदाहरणार्थ, गॅस्केटच्या बाहेरच्या रिंगच्या कडेवरचा रंग, त्यावरून आतला माल कळतो. एक फोटो काढा: हिरवी कड आणि राखाडी पट्टे म्हणजे ३१६ एल स्टेनलेस स्टीलचं वाइंडिंग (गुंडाळलेली पट्टी), ग्रॅफाइट फिलर (पट्टीमधला भराव). शेजारी दुसरं ठेवा: पिवळी कड, पांढरे पट्टे, म्हणजे ३०४ आणि पीटीएफई. खाली लिहा की हॉट ऑइलच्या लाइनवर पांढऱ्या पट्ट्याचं बसलं तर २६० अंश सेल्सिअसच्या पुढे पीटीएफई तग धरत नाही, आणि क्लोराइड असलेल्या लाइनवर ३०४ ला पिटिंग होतं (बारीक खड्डे पडतात). स्टोअरमध्ये दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेली असतात, तिथूनच घोळ होतो. असा फोटो इंजिनिअर फिटरांच्या ग्रुपवर पुढे ढकलतो. पहिल्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर झाकला जातो, तेव्हा मुद्दा वरच मांडा, 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की' खाली जाऊ द्या. खरं तर काढूनच टाका.

फोटो स्वतःच्या वर्कशॉपमधले वापरा. पार्टीच्या प्लँटचा फोटो, ड्रॉइंग, इक्विपमेंटचा टॅग नंबर काहीही बाहेर जाता कामा नये. एवढ्यावरून व्हेंडर कोड बंद होऊ शकतो.

मकरपुरा_युनिट
ताई, रंगाचं पटलं, उद्याच फोटो काढतो. एक एजन्सी रोज आपोआप आमंत्रणं पाठवणारं सॉफ्टवेअर लावून देते म्हणते. घ्यावं का?

व्हॉल्व्हवाली_अलकापुरी
मुळीच नको. असल्या सॉफ्टवेअरला साइटची मनाई आहे, बंदी आली तर तुमच्या खात्यावर येईल, एजन्सीचं काही जात नाही. शिवाय पासवर्ड त्यांच्या हातात. हाताने रोज पाच-सात पाठवा, तेवढी पुरेत.

दांडियाबाजारकर
टिकवण्याचं राहिलंच होतं. लिंक्डइनची खरी कमाई मला तिथेच वाटते. आपल्या पट्ट्यात इंजिनिअर आज नंदेसरीला, दोन वर्षांनी दहेजला, पुढे सुरतजवळच्या हजिऱ्याला. तुमचा माल ओळखणारा माणूस नवीन प्लँटला गेला की दार अर्धं उघडलेलं असतं. 'माय नेटवर्क'मध्ये 'कॅच अप' नावाचा भाग आहे, तिथे कोणी नोकरी बदलली ते दिसतं. सोमवारी सकाळी पाच मिनिटं तेवढं बघा. तयार 'काँग्रॅट्स'चं बटण दाबू नका, दोन शब्द स्वतःचे लिहा. लगेच माल विकायलाही जाऊ नका, नव्या जागी त्याला अजून स्टोअरची वाट माहीत नसते. महिनाभराने फोन करा आणि व्हेंडर रजिस्ट्रेशनची तीच पीडीएफ पाठवा, कारण जुन्या प्लँटचा कोड तिथे चालत नाही.

जुनी पार्टी विसरू नका. माणूस गेला की त्याच्या खुर्चीवर कोण आलं हे त्यालाच विचारा, आणि नव्या साहेबांना पहिल्या आठवड्यात मागच्या पुरवठ्याची यादी पाठवा: इक्विपमेंट, साइज, क्लास (दाबाचा वर्ग), वाइंडिंग, फिलर, शेवटचा पुरवठा कधी. ही यादी तुमच्या एक्सेलमध्ये पार्टीवार असायलाच हवी, साइट ती ठेवत नाही. बदलीच्या गडबडीत हे कागद त्यांच्याकडे सापडत नाहीत, आणि यादी तुमच्याकडून आली की पुढची इन्क्वायरी बहुधा त्याच साइजांची निघते.

स्टोअर_खिडकी
त्या यादीत भाव घालू नका. ती मेल फिरत फिरत तुमच्या डीलरपर्यंत जाते.